देशाचे संरक्षण हा आपला विषय नव्हे काय?



गेल्या महिन्यात माझ्या कचेरीत आठ तरुण मंडळी आली. पाच मुलगे व तीन मुली. त्यांतला सर्वांत वडील सत्तावीस वर्षांचा, सर्वांत धाकटी एकोणीस वर्षांची. त्यांना एक संस्था नोंदवावयाची होती व तिची नियमावली माझ्याकडून लिहून हवी होती. वकिलाला हे काम नित्याचेच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र आली व त्यांनी उद्देशपत्रावर सह्या केल्या की आरंभ होतो. वाचनालय, वसतिगृह, विहार, शिष्यवृत्ती-निधी अशा कितीतरी संस्थांचे कागद आजवर माझ्या हातून गेले आहेत. म्हणून मी लेखणी उचलून सहज विचारले, उद्देश काय लिहू? उत्तर आले, "देशाच्या संरक्षणविषयक धोरणाचा अभ्यास करणे, त्यावर तरुणांचे मत बनविणे व ते सरकारपुढे आणि लोकांपुढे मांडणे." माझी लेखणी क्षणभर थबकली, हे कबूल करणे मला भाग आहे.

ही वार्ता वस्तीत पसरली तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोणी म्हणाले, आपल्या समाजापुढचे प्रश्न काय संपले म्हणून ही पोरे सीमेवरच्या गोष्टी करू लागली? अत्याचाराचे खटले पडून आहेत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, ते सोडून हा उपद्व्याप कशाला? कोणी म्हणाले, लष्कराचे लष्कराने पाहावे. एका स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "वकीलसाहेब, तुम्ही तरी आवरा त्यांना. उद्या पोलिसांच्या वहीत नावे गेली तर नोकऱ्यांना मुकतील." हे तिन्ही आक्षेप प्रामाणिक माणसांचे आहेत. म्हणूनच त्यांचा जाहीर विचार करावा असे मला वाटले.

संरक्षण हा आपला विषय नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी दर वर्षी १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढे आपण कशासाठी उभे राहतो याचा विचार करावा. तेथील शौर्याविषयी आपल्या पत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला आठवण द्यावयाची आहे ती त्यानंतरच्या एका गोष्टीची, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती कोणत्या व बिनलढाऊ कोणत्या, याचा एक सिद्धान्त लष्करी अधिकाऱ्यांनी बसविला, आणि ज्यांच्या बापजाद्यांची नावे स्तंभावर कोरलेली होती ते बिनलढाऊ ठरले. त्या वेळी बाबासाहेब वर्षा-दोन वर्षांचे होते. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातल्या शाळेत शिक्षक. शिपायांच्या मुलांना तेथे शिक्षण मिळे. हे दार बंद झाल्याने पगार, पेन्शन आणि शिक्षण ही तिन्ही समाजाच्या हातून एकदम गेली. हा निर्णय कोणत्या ग्रामपंचायतीने वा कोणत्या शंकराचार्याने केला नव्हता. तो संरक्षणविषयक धोरणाचा निर्णय होता. ज्यांच्यावर तो कोसळला त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नव्हते.

त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो निवृत्त शिपायांनी. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये केलेले निवेदन प्रसिद्ध आहे. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सभासद होते. या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. धोरण ठरविणाऱ्यांच्या बैठकीत आपला माणूस नसताना काय झाले आणि असताना काय झाले, ते त्यांवरून दिसते. त्याच रेजिमेंटमध्ये ज्यांची लष्करी कारकीर्द घडली ते कृष्णराव व सुंदरजी पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले, आणि त्याच रेजिमेंटच्या मेजर परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना वीरमरण येऊन परमवीरचक्र मिळाले.

आता दुसरा आक्षेप. लष्कराचे लष्कराने पाहावे, हे लढाईपुरते खरे आहे. तोफ कोठे रोवावी हे वकिलाने सांगू नये. परंतु सैन्य किती असावे, त्यात कोणाला घ्यावे, किती वर्षांसाठी घ्यावे, त्यावर किती खर्च करावा, कोणत्या देशाशी कसे संबंध ठेवावेत, हे प्रश्न राज्यकारभाराचे आहेत व ते प्रत्येक मतदाराचे आहेत. बाबासाहेब काही सेनानी नव्हते. बडोद्याला असताना त्यांना लष्करी खात्यात नेमले होते एवढेच. तरीही १९४० साली त्यांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' लिहिले तेव्हा सरहद्द, महसूल व सैन्य या तिन्ही गोष्टी मोजून पाहिल्या. हिंदी सैन्यात कोणत्या प्रांताचे व जमातीचे किती शिपाई, हा आकडा त्या काळी सरकार दाबून ठेवीत असे. मध्यवर्ती कायदेमंडळात प्रश्न विचारला तरी उत्तर टाळले जाई. बाबासाहेबांनी सायमन कमिशनचा अहवाल, कायदेमंडळाची प्रश्नोत्तरे, मासिकांतले लेख अशा उघड साहित्यावरून तो आकडा गोळा केला. कोणाच्या कपाटातून त्यांनी गुप्त कागद काढला नाही. पुढे मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी परराष्ट्रधोरणावर जी टीका केली तीही एका साध्या हिशेबावर उभी होती : वर्षाला जमणाऱ्या ३५० कोटी महसुलातले सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर जातात, आणि हा बोजा आपल्या धोरणाने आपले मित्र कमी केल्याचा परिणाम आहे. त्यांचा निष्कर्ष कोणाला पटो वा न पटो, कायदेमंत्र्याने हा हिशेब का मांडावा असे त्यांना वाटले नाही.

आज तो हिशेब किती आहे? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणखात्यासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये धरले होते. केंद्राच्या एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. त्यांतील १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम पेन्शनची. हा आकडा मी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडून प्रथम ऐकला व घरी जाऊन पडताळला. तो खरा निघाला.

हा पेन्शनचा आकडा ध्यानात घेतला म्हणजे १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचा एक धागा हाती येतो. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यावयाचे, त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम करावयाचे व बाकीच्यांना पेन्शनशिवाय, ठरावीक रक्कम देऊन, घरी पाठवावयाचे. सरकारचे म्हणणे असे की यामुळे सैन्य तरुण राहील. विरोधकांचे म्हणणे असे की चार वर्षांत शिपाई तयार होत नाही. कोणाचे खरे, हा निवाडा मी येथे करीत नाही. मला वाचकांना दाखवावयाचे आहे ते वेगळेच. आधीच्या दोन वर्षांत करोनामुळे भरती झाली नव्हती व मुलांचे वय निघून चालले होते. योजना जाहीर होताच बिहारमध्ये व अन्यत्र रेल्वेगाड्या पेटल्या, दोन दिवसांत सरकारने त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीस केली, आणि त्यानंतरही सिकंदराबादेस गोळीबारात एक तरुण मेला. म्हणजे जी गोष्ट अर्जाने व युक्तिवादाने मागता आली असती ती आगीने मागितली गेली. जाळपोळ करणाऱ्यांचे समर्थन मी करीत नाही. तो मार्ग आपला नव्हे, व बाबासाहेबांनी घटनासमितीत अशा मार्गाविरुद्ध किती स्पष्ट इशारा दिला होता हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या मुलांच्या वतीने आकडे मांडून बोलेल अशी त्यांच्या वयाची संघटना तरी कोठे होती?

कोणी म्हणेल, न्यायालये आहेत की! योजना न्यायालयात गेलीच होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत ती वैध ठरविली व एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. असल्या बाबतीत न्यायालयाची भूमिका सामान्यतः हीच असते की हा धोरणाचा प्रश्न आहे, तो सरकारने व संसदेने पाहावा. बरे, मग संसद. घटनेच्या ८४ व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभेस उभे राहण्यास वय पंचवीस हवे, राज्यसभेस तीस. साडेसतराव्या वर्षी जो देशासाठी मरण्यास पात्र आहे तो अठरा होईपर्यंत मतही देऊ शकत नाही, आणि चार वर्षांची नोकरी संपवून घरी आल्यावरही बहुधा निवडणुकीला उभा राहू शकत नाही. अमेरिकेत हीच विसंगती व्हिएतनामच्या युद्धात तरुणांनी हातात धरली. मतदानाच्या वयाआधी सक्तीने सैन्यात नेता, तर मतही द्या, असे ते म्हणाले. आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तेथे मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. आपल्याकडे ते १९८९ मध्ये अठरावर आले, पण त्यामागे शिपायाचा विचार नव्हता. न्यायालय नाही, संसद नाही. मग त्या वयाच्या नागरिकाच्या हाती उरते ते अनुच्छेद १९ मधले भाषणाचे व संघटनेचे स्वातंत्र्य. या आठ जणांनी नेमके तेच वापरावयाचे ठरविले आहे.

पोलिसांच्या वहीचे भय मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली कोणाला किती काळ खटल्याविना वा जामिनाविना आत राहावे लागते, हे या धंद्यात मी पाहतो. म्हणून नियमावलीत मी एक कलम घातले : संस्था केवळ प्रसिद्ध कागदपत्रांवरच अभ्यास करील, १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येईल असे काहीही जवळ बाळगणार नाही. परदेशी देणगी घेणार नाही हेही घातले. शस्त्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून पैसा न घेण्याचे कलम मला सुचले नव्हते. ते त्यांच्यातल्याच एकीने सुचविले. एवढी काळजी घेतल्यावर भिण्याचे कारण उरत नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव काढले की सरकारला प्रत्येक वेळी मोकळी वाट मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ च्या पेगासस प्रकरणात बजावले आहे.

उघड कागद तुटपुंजे आहेत असेही नव्हे. १९६२ च्या पराभवाविषयीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही, हे खरे. परंतु कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने दिलेला अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० साली संसदेपुढे आला. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आहेत, महालेखापरीक्षकांचे आहेत. ते कोणी वाचत नाही एवढेच.

शेवटचा वाद संस्थेच्या अध्यक्षपदाचा झाला, आणि तोच सर्वांत जास्त रंगला. ज्येष्ठ मंडळींनी माघार घेताना एक अट घातली : संस्था खुशाल काढा, पण अध्यक्ष कोणी जाणता असावा. तरुणांनी नम्रपणे नकार दिला. तिशी ओलांडलेला कोणीही पदाधिकारी राहणार नाही, असा त्यांचा आग्रह. मला प्रथम तो पोरकट वाटला. त्यांनी माझ्यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ९ डिसेंबर २०१५ चा २२५० क्रमांकाचा ठराव ठेवला. शांतता व सुरक्षेच्या निर्णयांत अठरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांना प्रतिनिधित्व द्या, असे त्यात सर्व राष्ट्रांना आवाहन आहे. त्यासाठी जगभरच्या तरुणांच्या संघटनांनी आधी खटपट केली होती, व जॉर्डनने तो पुढे आणला. हा ठराव कोणा राष्ट्रावर सक्ती करीत नाही, हे वकील या नात्याने मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, सक्ती नसेना, पण आमच्या संस्थेवर आम्ही ती करू शकतो ना? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ते कलम लिहिले, आणि चव्वेचाळिशीच्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला दार लावून घेतले.

गेल्या रविवारी विहाराच्या ओट्यावर त्यांची पहिली बैठक झाली. मी मागे बसलो होतो. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आमच्या वस्तीतले एक सुभेदार मुद्दाम आले होते. पोरे काय बोलतात ते पाहू, असा त्यांचा आविर्भाव. त्या धाकटीने महालेखापरीक्षकांचा, २०२० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे आलेला अहवाल उघडला. सियाचीन व लडाखसारख्या अतिउंच ठिकाणच्या जवानांना थंडीचे कपडे, बर्फातले चष्मे व शिधा यांचा तुटवडा पडल्याचे त्यात नमूद आहे. तिने तो भाग इंग्रजीत वाचावयास सुरुवात केली, तेव्हा सुभेदारांनी हात वर करून म्हटले, "पोरी, मराठीत सांग. सगळे सांग, काही गाळू नको." मग ती एकेक वाक्य मराठीत करून सांगत राहिली, आणि दिवे लागेपर्यंत कोणी उठले नाही.