अर्धी गोष्ट सांगणाऱ्यांनो, उरलेली कोण सांगणार?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

सतरा सप्टेंबर उजाडला की नांदेड-लातुरात झेंडे लागतात, भाषणे झडतात. निजामी गेली हे आपले भाग्यच. त्याविषयी वाद नाही. पण व्यासपीठावरच्या एका तरी पुढाऱ्याने कधी आपल्या घरच्या म्हातारीस विचारले काय, की बाई, रात्री दार वाजले तर तुझी छाती अजून का धडधडते?

मी खेड्यातला शाळामास्तर. माझी आजी मरेपर्यंत भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन निजे. रझाकारांच्या धास्तीने ती लेकरांसह शिवारात लपली होती. रझाकार गेले, निजाम गेला. गाठोडे गेले नाही. आम्ही नातवंडे हसत असू, आणि अंधाराला मात्र भीत असू.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. पुढे गावे लुटली, जाळली गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा शिरल्या, १७ तारखेस निजाम शरण आला. येथे भाषण संपते, टाळ्या पडतात.

पण गोष्ट येथे संपत नाही! पुढे गावोगाव निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. दिल्ली सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज केला. सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड व उस्मानाबाद ही नावे घातली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढे आला नाही. आणि रझवी? तुरुंग भोगून १९५७ साली पाकिस्तानात गेला. मागे मार खाल्ला तो गरिबाने. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच!

माझ्या वर्गात एका पोराने भांडणात सोबत्यास ‘रझाकार’ म्हटले. त्या सोबत्याचा पणजा त्याच सप्टेंबरात मारला गेला होता. घरात हे कोणी उच्चारीत नाही, म्हणून पोरालाही ठाऊक नव्हते. एका घरी भीती गाठोड्यात राहिली, दुसऱ्या घरी मुकेपणात. दोन्ही घरे कष्टकऱ्यांची!

हाडाचा घाव वैद्य बसवितो. मनाचा घाव झाकून ठेवला तर नातवापर्यंत चिघळतो, आणि निवडणूक आली की पुढारी त्यावरच मीठ चोळून मते पिकवितो. आपण त्याला हे रान मोकळे का सोडावे?

म्हणून सांगतो, त्या काळचे जे थोडे म्हातारे उरले आहेत त्यांच्यापाशी बसा. वही घ्या. रझाकारांनी मारलेल्यांची नावे लिहा, आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांचीही लिहा. येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्याखाली ती सारी नावे एकत्र वाचा. ज्या गावाला आपले सगळे मेलेले मोजण्याचे धैर्य नाही, ते गाव मुक्त झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?