गाडी येईपर्यंतचा अर्धा तास

येलदरीच्या रस्त्यावर दुचाकी घसरून डोक्यास मार लागलेला इसम जिंतूरच्या दवाखान्यात आणला जातो, तेव्हा त्यास परभणीस वा नांदेडास रवाना करणे एवढेच आपले कर्तव्य, हा समज आमच्या व्यवसायबंधूंत इतका रूढ आहे की, गाडी येईपर्यंतचा वेळ हाच पुष्कळदा उपचाराचा निर्णायक काळ असतो, याचे भान राहत नाही.

आघाताच्या क्षणी चिरडलेल्या चेतापेशी गेल्याच. परंतु त्यांच्या भोवतालच्या असंख्य पेशी त्या क्षणी मृतही नसतात आणि सुरक्षितही नसतात. फुटलेल्या पेशींतून पाझरलेले ग्लुटामेट, ज्याची ही विषारी उद्दीपनशक्ती जॉन ओल्नी यांनी 1969 साली वर्णिली, शेजारच्या पेशींस अनावर चेतविते. कॅल्शियम आत लोटते. आणि ते बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच त्या भाराने निकामी होऊ लागतात. ऊर्जा पार संपली तर पेशी फुगून फुटते. थोडी उरली तर ती आतल्या आत, नियत क्रमाने, काही तासांनी वा दिवसांनी मरते. पुरवठा टिकला तर पुष्कळदा जगते. शरीराच्या वजनाचा जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू 20 टक्के प्राणवायू खर्च करतो आणि साठा मात्र जवळजवळ काहीच ठेवीत नाही. म्हणूनच गंभीर दुखापतीत वरचा रक्तदाब एकदा जरी 90 च्या खाली उतरला तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते, ही चेस्नट व सहकाऱ्यांनी 1993 साली मांडलेली हकीकत आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते.

श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू लावणे, शीर धरून नॉर्मल सलाईन सोडणे, डोक्याच्या कातडीतून वाहणारे रक्त दाबून वा टाके घालून थांबविणे, यांसाठी शल्यविशारदाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोज मात्र टाळावे, त्याने सूज वाढते. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड टोचण्याचा प्रघात तर सर्वस्वी सोडावा. सुमारे 10,000 रुग्णांवरील 2004 च्या चाचणीत त्याने मृत्यू वाढलेच. उलट, सौम्य व मध्यम दुखापतीत तीन तासांच्या आत दिलेल्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा लाभ 2019 साली दिसून आला.

आणि चिठ्ठी! तीवर केवळ ‘पुढील उपचारार्थ’ असे लिहिलेले असते. अपघाताची वेळ, शुद्धीची पातळी, दोन्ही बाहुल्या आणि रक्तदाब यांची नोंद करून ती नातेवाइकाच्या खिशात न सरकवता 108 च्या गाडीतील डॉक्टरांच्या हाती द्यावी.