बेडूक म्हणजे औषधांचे कोठार नव्हे

केरळमधील बेडकाच्या कातडीत फ्लूवरचे औषध सापडले, अशा आशयाचे मथळे एप्रिल २०१७ मध्ये देशभर झळकले. औषध अद्याप आलेले नाही. मथळा मात्र अधूनमधून परत येतो. कधी बेडूक बदललेला असतो, कधी रोग. विज्ञानाची बातमी म्हणून जे छापले जाते त्यात विज्ञान किती आणि आश्वासन किती, याचा हिशेब मांडण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

प्रत्यक्षात सापडले होते ते असे. तिरुवनंतपुरम येथील राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठ येथील संशोधकांनी ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ या बेडकाच्या त्वचास्रावातील ३२ पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, तपासली. चार साखळ्यांनी फ्लूच्या विषाणूला अटकाव केला. त्यांतून मानवी पेशींना निरुपद्रवी ठरलेली, २७ अमिनो आम्लांची एक साखळी पुढे नेण्यात आली. केरळच्या युद्धकलेतील ‘उरुमी’ या चाबकासारख्या लवचीक तलवारीवरून तिचे नाव ‘उरुमिन’ ठेवले गेले. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा देठ सहसा फारसा बदलत नाही. उरुमिन नेमके तेथेच आघात करते. नाकावाटे उरुमिन दिलेले उंदीर फ्लूच्या संसर्गातून बचावले.

शोध सुंदर होता, यात शंका नाही. पण उरुमिन ‘एच-१’ प्रकारच्या विषाणूंवर चालते, ‘एच-३’ प्रकारावर चालत नाही. २०२३ च्या प्रारंभी भारतात ज्या फ्लूने लोक हैराण झाले तो ‘एच-३ एन-२’ होता. ‘फ्लूवर औषध’ या दोन शब्दांत हा भेद कोठे बसणार? आणि उंदराच्या नाकापासून माणसाच्या औषधापर्यंतचे अंतर तर मथळ्याच्या हिशेबातच नसते. पेप्टाइडांना शरीरातील विकरे झपाट्याने तोडतात, ती तयार करणे महाग पडते, आणि जंतूचे आवरण फोडणारा रेणू कित्येकदा माणसाच्या पेशीचे आवरणही फोडतो.

या अंतराचा इतिहास जुना आहे. मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या त्वचेतून ‘मॅगेनिन’ वेगळे केले. शस्त्रक्रियेनंतर अस्वच्छ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या साध्या कुतूहलातून तो शोध लागला. त्यावरून मधुमेहींच्या पायांवरील जखमांसाठी ‘पेक्सिगॅनान’ हे मलम तयार झाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यास मान्यता नाकारली. पुढे पुन्हा घेतलेल्या मोठ्या चाचण्यांतही ते उतरले नाही. एका पिढीचे प्रामाणिक परिश्रम त्यात खर्ची पडले. हे अपयश लाजिरवाणे नाही. ते लपवून पुढचा बेडूक वाचकापुढे ठेवणे लाजिरवाणे आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते सद्हेतूने दिले जाते: थोडी अतिशयोक्ती झाली म्हणून काय बिघडले, औषधाच्या आशेने तरी लोक बेडूक वाचवतील. २०२३ च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती संकटात आहेत. अशा वेळी हा युक्तिवाद मोहक वाटतो. पण तो संरक्षकाच्याच हातून कुऱ्हाड पुढे करतो. उरुमिनची रचना एकदा कळली की ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवता येते. त्यानंतर बेडकाची गरज काय, असे कोणी विचारले तर ‘औषधासाठी वाचवा’ म्हणणाऱ्याकडे उत्तर उरत नाही. आणि औषधच निघाले नाही, तर? मग त्या बेडकाचा ओढा बुजवायला मोकळीक मिळाली, असे समजायचे काय?

शिवाय केवळ औषधच हवे असणाऱ्यालाही एकटा बेडूक पुरत नाही. इक्वेडोरमधील एका इवल्या विषारी बेडकाच्या त्वचेत जॉन डेली यांना सत्तरच्या दशकात एक वेदनाशामक द्रव्य आढळले. पुढे त्याला ‘एपिबॅटिडिन’ हे नाव मिळाले. मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट प्रभावी, पण औषध म्हणून वापरता येऊ नये इतके विषारी. त्याची रचना निश्चित होण्यास १९९२ उजाडले, कारण नमुना अत्यल्प होता आणि नवा मिळेना. बंदिवासात वाढवलेल्या बेडकांच्या त्वचेत ते द्रव्य उतरलेच नाही. असल्या बेडकांची विषे बहुतांशी त्यांच्या आहारातून, रानातल्या किड्यामुंग्यांतून येतात. रान वजा केले की बेडूक उरतो, द्रव्य उरत नाही.

मथळ्यांतून आणखी एक गोष्ट नेहमी गळते: ज्याला हा बेडूक कोणता हे ठाऊक असते त्याचे नाव. ‘बहुविस्तारा’ ही स्वतंत्र प्रजाती आहे, हे उरुमिनच्या शोधनिबंधाच्या अवघी दोन वर्षे आधी, २०१५ मध्ये सिद्ध झाले. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मापे आणि जनुके तपासून तिला ‘मलबारिकस’ या जवळच्या प्रजातीपासून वेगळे केले. ते झाले नसते तर उरुमिन भलत्याच बेडकाच्या नावे नोंदले गेले असते, आणि पुढे कोणी पडताळू गेल्यास त्याला ते कदाचित मिळालेही नसते. वर्गीकरणशास्त्राला मात्र आपल्याकडे जुनाट, संग्रहालयी विद्या समजण्याची रीत आहे. निधी रेणूला मिळतो, नाव देणाऱ्याला नाही.

ऑस्ट्रेलियात या उपेक्षेची किंमत कळून चुकली आहे. तेथील जठरपालक बेडकाची मादी अंडी गिळून पिल्ले जठरात वाढवी आणि तोंडावाटे जन्माला घाली. तेवढा काळ जठरातील आम्ल थांबे. आम्लपित्त आणि जठरव्रणाच्या संशोधकांनी त्याचा माग प्रोस्टाग्लँडिन ई-२ या द्रव्यापर्यंत काढला. पहिली प्रजाती १९८१ नंतर रानात दिसली नाही. दुसरी १९८४ मध्ये सापडली आणि १९८५ नंतर कोणालाही आढळली नाही. पुढचा प्रयोग करायला बेडूकच उरला नाही.

दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून २०१४ मध्ये नाचऱ्या बेडकांच्या १४ आणि २०१७ मध्ये रातबेडकांच्या सात नव्या प्रजाती नोंदवल्या. या सातांपैकी चार तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढ्या. सातांतील एका रातबेडकाला अथिरप्पिळ्ळीचे नाव मिळाले आहे. केरळमधील त्याच धबधब्याजवळ जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे मांडला आणि लढवला गेला. या बेडकाच्या त्वचेतून उद्या काही निघेल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. त्याच्या ओढ्याचे काय करायचे, हा निर्णय त्यावाचूनच घ्यावा लागणार आहे.