लालबागेतील बाग

इंदुरास पाहुणा आला की आपण त्याला हौसेने लालबाग दाखवावयास नेतो आणि दाखवतो मात्र राजवाडा. वास्तविक या नावात वाडा नाही, बाग आहे. ही गोष्ट जीर्णोद्धाराच्या चर्चेतही सहसा विसरली जाते, म्हणून तिची आठवण करून देणे आम्हांला अगत्याचे वाटते.

खान नदीच्या काठी हे बांधकाम १८८६ च्या सुमारास सुरू झाले आणि होळकरांच्या तीन पिढ्यांच्या हातून १९२१ मध्ये पुरे झाले. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरची लोखंडी फाटके, संगमरवरी दालने, नदीपलीकडच्या मुदपाकखान्यातून वाड्यात येणारा भुयारी मार्ग, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. पण भोवतालचे सुमारे ७० एकरांचे आवार हा वाड्याचाच अर्धा भाग होता, आणि येथील गुलाबांची एके काळी मोठी ख्याती होती.

जुनी वास्तू सावरण्याची रीत आता पुष्कळ रुळली आहे. आधी छपराची गळती, मग भिंती. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा, कारण सिमेंट ओल आत कोंडते. भिंतीतला पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मूळ काढावे लागते. अशा कामाला अंदाजपत्रक असते, मुदत असते आणि शेवटी समारंभही होतो. १९८४ च्या आगीत भस्मसात झालेला शहरातील राजवाड्याचा भाग पुढे जुन्या पद्धतीने पुन्हा उभा राहिला. तेव्हा हे आपल्याला साधत नाही, असे कोणी म्हणू नये.

बागेला मात्र मुदत नसते. १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे तयार झालेल्या ऐतिहासिक उद्यानांच्या सनदेने बागेला जिवंत स्मारक म्हटले आहे आणि तिची निगा अखंड चालली पाहिजे, असे बजावले आहे. इंग्लंडातील हेलिगनची बाग पहिल्या महायुद्धात तेथील माळी आघाडीवर गेल्यानंतर हळूहळू झुडपांत बुडाली. ती पुन्हा उजेडात यावयास १९९० चे दशक उजाडावे लागले. वाडा तेथेच होता. खुरपे धरणारे हात नव्हते.

आपल्या माळव्याची काळी माती याहून हट्टी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि ओली असताना तुडवली की घट्ट दबून झाडांच्या मुळांना हवा मिळत नाही. एका पावसाळ्याची खुरपणी चुकली तर गाजरगवत आणि घाणेरी वाफे गिळून टाकतात. अशा जमिनीवर वर्षानुवर्षे उत्सव आणि प्रदर्शने भरत आली आहेत. त्यांतून हजारो कुटुंबांना आनंद मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही, आणि बागेला कुलूप घालावे असेही आमचे म्हणणे नाही. परंतु मंडपाचे खांब आणि मालमोटारी यांना दुसरे मैदान मिळू शकते. शंभर वर्षांच्या वृक्षाला दुसरी जागा नाही.

पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. नदी, झाडे आणि जुनी वस्ती यांचा त्यांनी एकत्रच विचार केला होता. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराने तो विचार लालबागेपासून पुढे न्यावा. प्रत्येक जुन्या झाडाची नोंद व्हावी, जुने रस्ते आणि वाफे शोधून काढावेत, आणि मुख्य म्हणजे कंत्राटाने येऊन जाणारे मजूर नव्हेत, तर कायम नेमणुकीचे माळी तेथे असावेत. वाड्याच्या दुरुस्तीचा आराखडा जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा त्यात माळ्यांच्या पगाराची तरतूद किती, हा प्रश्न इंदूरकरांनी सर्वांत आधी विचारावा.