विश्लेषण : टिपेश्वरच्या वाघाचा फोटो टाका, पण लोकेशन नको!

पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा, उन्हाळ्यात टिपेश्वरचे वाघ. यवतमाळ जिल्ह्यातले फोटो आता सोशल मीडियावर राज्यभर फिरतात. शेतकरी आत्महत्यांपलीकडे जिल्ह्याची दुसरी ओळख होत असेल, तर ते चांगलेच. मात्र प्रत्येक फोटोसोबत जागेचा पत्ताही जायला हवा का?

फोटोत पत्ता येतो कुठून?

कॅमेऱ्याचे लोकेशन सुरू असेल, तर अक्षांश, रेखांश आणि वेळ फोटोच्या फाइलमध्येच नोंदवली जाते. याला ‘एक्झिफ डेटा’ म्हणतात. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे फोटो पाठवला की ही नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर कायम राहते. इन्स्टाग्राम, फेसबुक ती इतरांना दाखवत नाहीत. पण आपणच जोडलेला लोकेशन टॅग किंवा कॅप्शनमधले पाणवठ्याचे नाव सर्वांना दिसते.

धोका कोणाला?

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. येथील एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतशिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. इथल्या काही वाघांच्या गळ्यात मात्र तारेचे फासही आढळले आहेत. अशा ठिकाणी ताजे लोकेशन म्हणजे शिकाऱ्याला आयता माग.

गर्दीचा त्रास वेगळाच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

मग काहीच सांगायचे नाही?

तसे नाही. सहस्रकुंड किंवा कळंबचे चिंतामणी मंदिर यांचा पूर्ण पत्ता जरूर द्यावा. पर्यटक आले तर स्थानिकांना चार पैसे मिळतात. धबधब्याच्या फोटोसोबत निसरडी जागाही सांगावी. वाघ, बछडे, पक्ष्यांची घरटी यांच्याबाबत मात्र फक्त ‘यवतमाळ जिल्हा’ लिहावे, फोटो काही दिवसांनी टाकावा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे.

हे पर्यटकाच्या समजूतदारपणावर सोडून भागणार नाही. सफारी सुरू होण्याआधी प्रवेशद्वारावरच दोन मिनिटे सूचना देण्याची जबाबदारी वन विभागाने घ्यावी. त्याला ना निधी लागतो, ना नवा कायदा.