बिल्ला मिळतो, पण मत कुठे मांडायचे?

भामरागडच्या कार्यकर्त्याला पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जायचे असेल, तर आधी आलापल्ली, मग आष्टी, गोंडपिपरी असे करत बल्लारशा गाठावे लागते. तिथून दिल्लीची गाडी. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली तर भामरागडबाहेर पाऊल टाकणेही अवघड. सिरोंचाच्या माणसाला तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. एवढी पायपीट करून हा माणूस मंडपात पोहोचतो. गळ्यात बिल्ला येतो, हातात पिशवी येते, पिशवीत ठरावांची छापील पुस्तिका असते. पुस्तिका तो तिथेच पहिल्यांदा उघडतो. दोन दिवस भाषणे ऐकतो, सांगितले की हात वर करतो आणि परतीच्या गाडीत बसतो.

त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम, सामूहिक वनहक्काचे रखडलेले दावे, धानाची खरेदी, सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक हे सगळे गडचिरोलीच्या प्रतिनिधीला तोंडपाठ असते. चंद्रपूरचा प्रतिनिधी वाघाच्या हल्ल्यात माणूस गेलेल्या घरी जाऊन आलेला असतो. 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख आणि धूर कोणत्या वस्तीवर उतरतो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. राष्ट्रीय पक्षाला देशाचे धोरण ठरवायचे असेल तर या माणसाचे ऐकणे ही पक्षाचीच गरज आहे. तरीही पक्ष त्याला बोलावतात ते मंडप भरायला. ही रीत बदललीच पाहिजे.

अधिवेशने पूर्वीपासून अशीच असतात, हे म्हणणे खरे नाही. त्याचा पुरावा चंद्रपूरपासून जवळच, नागपुरात आहे. डिसेंबर 1920 मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सी. विजयराघवाचारियर आणि स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. 14 हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले होते. असहकाराला विरोध करायचा म्हणून चित्तरंजन दास बंगालमधून आपल्या बाजूचे प्रतिनिधी घेऊन आले. बरीच खलबते झाली, शब्दांची ओढाताण झाली आणि अखेर असहकाराचा ठराव दासांनीच मांडला. जिना शेवटपर्यंत विरोधात राहिले. सभेने त्यांची हुर्यो उडवली, ते शोभणारे नव्हतेच; पण विरोधाचे भाषण त्याच व्यासपीठावरून झाले, हेही तितकेच खरे.

त्याच अधिवेशनाने काँग्रेसला नवी घटना दिली. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद होऊ शकेल असे ठरले. प्रांत भाषेप्रमाणे आखले गेले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात, 50 हजारांमागे एक, असे प्रतिनिधी निवडायचे ठरले. तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यातून पुढे 1982 साली गडचिरोली वेगळा झाला, काँग्रेसच्या नागपूर या मराठी प्रांतात आला. वकील-बॅरिस्टरांच्या वार्षिक मेळाव्याचा देशव्यापी पक्ष झाला तो या हिशेबामुळे. प्रतिनिधी आपल्या मुलखाच्या वतीने येतो, तो नेत्याचा पाहुणा नसतो, ही कल्पना तिथे कागदावर आली.

नागपूरनेच पुढे दोन मोठ्या पक्षांचा जन्म पाहिला. जुलै 1942 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला आणि कायदेमंडळांत स्त्रियांना राखीव जागा मागितल्या. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली 2023 मध्ये. गावोगावहून आलेल्या बायकांनी तो ठराव 81 वर्षे आधी केला होता. 1957 साली नागपुरातच रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याच्या पहिल्या फळीत चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. ते पुढे राज्यसभेचे उपसभापतीही झाले. या भागातल्या माणसाला राष्ट्रीय व्यासपीठ नवे नाही.

प्रतिनिधींनी नेतृत्वाला नमवल्याचीही उदाहरणे आहेत. जानेवारी 1939 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी गांधीजींचा कौल पट्टाभी सीतारामय्यांना होता. प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मात्र सुभाषबाबूंना दोनशेच्या आसपास मतांनी निवडून दिले. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने त्यांचे हात बांधले गेले आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला, हा पुढचा कडू भाग. मतपेटीतून आलेला निकाल बैठकीतून फिरवायचा, ही सवयही तेव्हाचीच. 1959 च्या जानेवारीत नागपूरला पुन्हा अधिवेशन भरले. पंडित नेहरूंना हवा असलेला सहकारी संयुक्त शेतीचा ठराव तिथे मंजूर झाला. त्याला भर सभेत, मुद्देसूद विरोध केला तो चरणसिंगांनी. ठराव जिंकला, पण संयुक्त शेती देशात रुजली नाही. चरणसिंगांचे म्हणणे ऐकून घेतले म्हणून पक्ष कोसळला नाही. मनावर घेतले असते तर काही चुका टळल्या असत्या.

आज चित्र काय आहे? ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी खरे मतदान घेतले, याचे श्रेय त्या पक्षाला द्यायलाच हवे. नऊ हजारांहून अधिक प्रतिनिधींनी मत दिले. मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते पडली. पण मतदारयादीत कित्येक प्रतिनिधींचे पत्ते, फोन नंबर नाहीत, अशी तक्रार खुद्द उमेदवार थरूर यांनाच करावी लागली. मतदाराचा पत्ता उमेदवारालाही मिळत नसेल, तर त्याचे मत घडवायला त्याच्यापर्यंत पोहोचायचे कोणी? चार महिन्यांनी रायपूरला महाअधिवेशन झाले. कार्यसमितीत निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांना देण्याची घटनादुरुस्ती तिथे झाली. दुरुस्ती चांगली. पण कार्यसमितीची निवडणूक न घेता सदस्य अध्यक्षांनी नेमावेत, हेही तिथेच ठरले. रायपूर गडचिरोलीच्या शेजारच्या राज्यात. तिथे गेलेल्या प्रतिनिधीला हात वर करायला मिळाला, कार्यसमितीसाठी मत द्यायला मिळाले नाही.

भाजपमध्ये 1980 पासून राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी कधी मतदानाची वेळच आली नाही. नाव आधी ठरते, निवड नंतर बिनविरोध जाहीर होते. फेब्रुवारी 2024 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये देशभरचे हजारो पदाधिकारी जमले आणि आणीबाणीच्या प्रसंगी अध्यक्षपदाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार संसदीय मंडळाला देणारी दुरुस्ती मंजूर झाली. शिवसेनेच्या वादात फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने निकाल देताना पक्षाची घटना लोकशाहीला धरून नसल्याचा शेरा मारला. प्रादेशिक पक्षांत तर अधिवेशन आणि घरगुती समारंभ यांत फारसा फरक उरलेला नाही. कायद्याकडे पाहावे, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29 अ कलमाखाली पक्षांची नोंदणी होते. आत लोकशाही नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे दुरुस्ती पक्षांनीच करायची आहे.

दहा-पंधरा हजारांच्या सभेत चर्चा होणार कशी, असे नेते विचारतात. ती होऊ शकते. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या वार्षिक परिषदेत मतदारसंघांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी ठराव आणतात आणि त्यांवर मत देतात. सप्टेंबर 2024 मध्ये पक्ष सत्तेत असताना, वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता कापण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्धचा ठराव त्यांनी मंजूर केला. तो सरकारवर बंधनकारक नव्हता. तरी पुढच्या वर्षी सरकारला कपात बरीचशी मागे घ्यावी लागली.

आणि इतके दूर जायचे कारण नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावे. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एखाद्याला पटले नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. अवघड प्रश्न आला की गावाचा अभ्यास गट आधी त्यावर बसतो; कायदा काय, आकडे काय, परिणाम काय हे समजून घेतो आणि मग विषय सभेपुढे येतो. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही पद्धत वर्षानुवर्षे घडवली. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. कोरची तालुक्यात नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. तिथे गावाचा प्रतिनिधी जातो तो गावाने ठरवलेले बोलायला आणि परत येऊन गावाला सांगायला.

2010 च्या डिसेंबरात चिमूरहून विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनावर पायी निघालेल्या बायकांच्या मागेही पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींचे दारूबंदीचे ठराव होते. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली. बंदी योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील, पण त्या ठरावांमागे कोण उभे आहे हे सरकारला विचारावे लागले नाही.

अशा मुलखातून येणाऱ्या माणसाला ठराव कसा करतात हे शिकवायची गरज नाही. पक्षांनी त्याला वाव द्यावा. अधिवेशनाच्या महिनाभर आधी मसुदे मराठीत तालुक्यापर्यंत पोहोचावेत; माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या गावांत ते त्यांच्या भाषेत समजावून सांगितले जावेत. प्रतिनिधी सभासदांच्या गुप्त मतदानाने निवडला जावा आणि त्याचे नाव-पत्ता यादीत उघड असावा. ठराविक प्रतिनिधींच्या सहीने उपसूचना मांडता यावी, तिच्यावर मत मोजले जावे आणि आकडा इतिवृत्तात यावा. परतल्यावर प्रतिनिधीने तालुक्याच्या सभेत उभे राहून सांगावे: काय मांडले, कोणी विरोध केला, कशाला हात वर केला आणि का.

यातले काहीही करायला नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक पक्षाच्या सभासदाने पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर होताच आपल्या जिल्हाध्यक्षाकडे लेखी मागणी करावी: मसुदा द्या आणि प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या.