टर्बोवर ठपका ठेवण्यापूर्वी

वैशाखाचे ऊन चढू लागले, की जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत एकच तक्रार पुनःपुन्हा दाखल होऊ लागते : गाडी ओढत नाही. सपाटीवर निमूटपणे चालणारी, रावेर-यावलची केळी भरलेली गाडी चाळीसगावचा कन्नड घाट किंवा शिरपूरपलीकडचा बिजासन घाट लागताच काळा धूर सोडू लागते, चालक खालच्या गिअरात येऊनही चढण सरत नाही, आणि ही कैफियत पुरती ऐकून घेण्यापूर्वीच बहुतेक ठिकाणी निकाल दिला जातो की टर्बो गेला. एकाही मोजमापाचा दाखला नसताना मालकाच्या माथी नव्या टर्बोचा खर्च बसतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहिल्यामुळे पुढील घाटात तीच तक्रार उभी राहते. कर्जाच्या हप्त्यांवर गाडी चालविणाऱ्या माणसाशी हा व्यवहार न्यायाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंजिनाची शक्ती ही अखेर त्याच्या सिलिंडरांत शिरणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असते. ही हवा दाबून भरण्याचे मार्ग दोन : सुपरचार्जर इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरतो, तर टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या बळावर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या दुसऱ्या मार्गाचे पेटंट 1905 साली घेतले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील डिझेल गाड्यांत हा दुसरा प्रकारच सर्वत्र आढळतो. प्रयोजन मात्र दोहोंचे एकच, की त्याच आकारमानात अधिक हवा कोंबावी. आता खानदेशातील उन्हाळा या हिशेबात धरला पाहिजे. 15 अंशांवरील हवेपेक्षा 45 अंशांवरील हवा जवळजवळ एक-दशांशाने विरळ असते. म्हणजे गाडीत कोणताही दोष नसताना निसर्ग आपला वाटा आधीच कापून घेतो. हीच 45 अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबापर्यंत नेली, तर तिचे तापमान सुमारे 145 अंशांवर जाते. ती 65 अंशांच्या आसपास उतरविण्याचे काम इंटरकूलरचे. सरकीच्या मोसमातील कापसाचे तंतू, शेतरस्त्याची माती आणि चिलटे यांनी त्याच्या जाळ्या बुजून तो अगदीच निकामी झाला, तर हवेच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तेथेच गमावला जातो, आणि टर्बो मात्र निर्दोष असतो.

यास्तव तपासणी हवेच्या वाटेने, अगदी तोंडापासून करावी. पहिला मान एअर फिल्टरचा. तो काढून, झटकून, डोळ्यांनी पाहून समाधान मानण्याची रीत आम्हांस मान्य नाही. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधील नळीस पारदर्शक नळीचा यू-आकाराचा पाण्याचा मापक जोडावा आणि पूर्ण भारावर दोन्ही बाजूंच्या पाण्यातील फरक मोजावा. मोठ्या डिझेल इंजिनांत हा फरक सामान्यतः 25 इंचांपर्यंत गेला की फिल्टर बदलण्याची वेळ झाली असे समजतात; नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तकात पाहावी. ज्या जळगावात नळ्या तयार करण्याचे एवढे मोठे कारखाने आहेत, तेथे हे साधन प्रत्येक गॅरेजात नसावे, याला काही सबब नाही. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदी फिल्टर फुंकणे हे तर हानिकारकच, कारण फाटलेल्या कागदातून जाणारी बारीक धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजविते.

त्यापुढे होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा. उष्णतेने मऊ झालेले रबर दाबाखाली फुगते व फाटते, आणि थंड, उभ्या गाडीत ती चीर मिटून जाते. म्हणून वाट बंद करून, बेताच्या दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने सर्व सांधे तपासावेत. धुराचा रंगही साक्ष देतो. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल फिल्टर पाहावा, किंवा 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत स्कॅनर लावून इंजिनाने स्वसंरक्षणार्थ आपली शक्ती आवरून धरली आहे काय, याची रुजुवात घ्यावी. धुराच्या मार्गातील काजळीने भरलेला फिल्टर किंवा अडकून बसलेला ॲक्च्युएटर अशाच वेळी सापडतो.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. गॅरेजात उभ्या गाडीचे ॲक्सिलरेटर दाबून बूस्टचा दाब पाहणे निरर्थक आहे, कारण भाराशिवाय वायूंत टर्बो पुरेसा फिरविण्याइतकी ऊर्जाच उत्पन्न होत नाही. दाबमापक जोडून, भरलेली गाडी चढणीवर नेऊनच आकडा घ्यावा. त्याचप्रमाणे दांडा बोटांनी हलवून टर्बोला बाद ठरविणेही घाईचे आहे : त्याचे बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगणारे असल्याने आडवी थोडी हालचाल स्वाभाविकच असते, पाती घराला घासत असतील, किंवा दांडा मागेपुढे मर्यादेबाहेर सरकत असेल, तरच तो दोष. आणि टर्बो खरोखरच गेला असेल, तर तेलाची नळी व परतीची वाट न तपासता नवा बसवू नये. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या दांड्याला काही क्षणांचा तेलाचा खंडही पुरतो. घाट चढून आलेली गाडी बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावी, हे चालकाला समजावून सांगणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

आमच्या वाचक व्यवसायबंधूंना विनंती आहे की त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डावर फिल्टरचा अडथळा, चढणीवरील बूस्टचा दाब आणि इंटरकूलरच्या आधीचे व नंतरचे तापमान यांची नोंद करावी, आणि पावसाळ्यापूर्वी त्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात. दोन्ही जिल्ह्यांतील आकडे एकत्र करून आम्ही ते तपशीलवार प्रसिद्ध करू.